सल्ला हवा : नवी साधी स्प्रेडशीट घ्यावी का? रोजच्या नोंदी आणि मोसमाअखेरचा हिशेब दोन्ही निभतील का?

कलमबाग (देवगड)

नमस्कार. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. कलमे सुमारे चारशे. निम्मा माल वाशीच्या बाजारात तीन दलालांकडे जातो आणि निम्मा मुंबई-पुण्याच्या घरगुती गिऱ्हाइकांना थेट पेटीने पोचतो. गेली अकरा वर्षे हा सगळा हिशेब एकाच एक्सेल फाईलमध्ये आहे. फाईल माझ्या पुतण्याने बसवून दिली. तो आता पुण्याला नोकरीस असतो, आणि त्याच्याखेरीज घरात कोणी तिला हात लावायला धजत नाही. मागच्या मोसमात सौ.ने गाडीभाड्यासाठी मधेच एक कॉलम घातला, तर दुसऱ्या पानावर दलालांच्या निव्वळ रकमेच्या जागी हमालीचे आकडे दिसू लागले, आणि ते आमच्या लक्षात यायला नऊ दिवस लागले.

अलीकडे एक नवा, साधा स्प्रेडशीट प्रोग्रॅम पाहण्यात आला. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मग चर्चा त्या एका नावाभोवतीच फिरेल. तो फोनवर नीट चालतो. प्रत्येक कॉलममध्ये तारीख येणार, रक्कम येणार की ठरलेल्या यादीतला शब्द येणार, हे त्यात आधी सांगावे लागते. फॉर्म्युले चाळीसेक आहेत, मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या सूचना) मुळीच नाहीत, आणि पिव्होट टेबलच्या (नोंदींचा हवा तसा गटवार गोषवारा काढणाऱ्या तक्त्याच्या) जागी गटवार बेरजेची एक सोपी सोय आहे. मोसमाच्या शेवटी सौ.ने मांगरात आढी लावता लावता दोन दिवस त्यावर पेट्यांच्या नोंदी केल्या आणि तिला तो फार आवडला. पुतण्याने तोच प्रोग्रॅम दहा मिनिटे पाहिला आणि ‘हे खेळणे आहे’ असे म्हणून बाजूला ठेवला.

रोजच्या नोंदी करणारी व्यक्ती आणि त्याच नोंदींतून बारीक हिशेब काढणारी व्यक्ती, अशा दोघांचेही समाधान एक साधा प्रोग्रॅम करू शकतो का, की माझी अपेक्षाच चुकीची आहे? दोन ठिकाणी दोन नोंदी ठेवण्याची माझी तयारी नाही, कारण त्या कधीच जुळत नाहीत. ‘अमुक वापरा’ एवढे सांगून न थांबता काय तपासून पाहावे हेही कोणी लिहिले, तर अधिक उपयोग होईल. पहिल्या पेट्या निघण्याआधी, म्हणजे जानेवारीपर्यंत, निर्णय घ्यायचा आहे.

सुरंगी (तारकर्ली)

आमचा चार खोल्यांचा घरगुती होमस्टे आहे. कोण कधी येणार, आगाऊ रक्कम किती दिली, जेवणात मासे चालतात का, एवढीच माझी यादी असते आणि बेरजेपलीकडे मला काही लागत नाही. अशाच एका साध्या प्रोग्रॅमवर माझे तीन वर्षे उत्तम चालले आहे. मोठ्या प्रोग्रॅममधल्या वरच्या पट्टीवरची निम्मी बटणे मी कधी दाबलेलीच नाहीत, आणि चुकून एखादे दाबले गेले की आधीचे चित्र परत कसे आणायचे हे कळत नसे. आपल्या घरातून जी व्यक्ती रोज नोंद करणार आहे तिला प्रोग्रॅम आवडला असेल, तर माझ्या मते अर्धा प्रश्न सुटला. नोंदच झाली नाही, तर पुतणे विश्लेषण कशाचे करणार?

खतावणी (चिपळूण)

मी पंचवीस वर्षे लहान व्यापारी आणि बागायतदार यांची हिशेबाची कामे करतो. आपल्या प्रश्नात ‘रोजचा वापरणारा’ आणि ‘जाणकार वापरणारा’ अशी दोन माणसे धरली आहेत. माझ्या अनुभवात ती पुष्कळदा दोन माणसे नसतात. जो माणूस वर्षातले साडेतीनशे दिवस फक्त ओळी भरतो, त्यालाच उरलेल्या दहा-पंधरा दिवसांत कर्जाच्या अर्जासाठी, भावाभावांतल्या वाटणीसाठी किंवा दलालाशी पट्टीवरून, म्हणजे त्याने दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदावरून, वाद झाला म्हणून एकदम अवघड प्रश्न विचारायचे असतात. त्यामुळे कोणताही प्रोग्रॅम त्या दहा-पंधरा दिवसांच्या मापाने जोखावा, असे मी सांगतो. बाकीच्या दिवसांत सगळेच प्रोग्रॅम चांगले वाटतात.

आता काय तपासावे ते आपल्याच धंद्यातील उदाहरणे घेऊन लिहितो. सर्वांत आधी तारीख पाहा. संगणकावर अमेरिकी पद्धत लावलेली असेल आणि आपण ५ एप्रिलसाठी ५/४ असे लिहिले, तर प्रोग्रॅम ती तारीख ४ मे समजतो. मात्र २५/४ लिहिले, तर पंचविसावा महिना नसल्याने तो ती तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवतो. परिणामी निम्म्या तारखा उलट्या होतात, निम्म्या तारखाच राहत नाहीत, आणि वरवर पाहता कॉलम व्यवस्थित दिसतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील भाव आणि मे महिन्यातील भाव यांत किती अंतर असते हे देवगडच्या माणसाला मी सांगायला नको. हा घोळ मी एका गिऱ्हाइकाच्या फाईलमध्ये निस्तरला आहे. त्यात माझे दोन रविवार गेले.

दुसरे म्हणजे पेटीचे माप. ‘५-६ डझन’ या अर्थी सेलमध्ये ५-६ लिहा आणि पुढे काय होते ते पाहा. एक्सेल त्याची तारीख करून टाकते. ही खोड जगभर भोवलेली आहे. काही जनुकांची संक्षिप्त नावे मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांच्या नावांसारखी असल्यामुळे संशोधकांच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होत असत. शेवटी २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. शास्त्रज्ञांना नावे बदलता आली. आपल्याला पेटीचे माप बदलता येणार नाही.

तिसरे, बँक खात्याचा क्रमांक. एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच आकडे सांभाळते. सोळा आकडी खाते क्रमांक संख्या म्हणून लिहिला तर शेवटचा आकडा शून्य होतो, आणि क्रमांकाच्या सुरुवातीला शून्ये असतील तर ती गळून पडतात. नवा प्रोग्रॅम हा क्रमांक जसाच्या तसा ठेवतो का, ते पाहा. स्वल्पविरामही पाहून घ्या : साडेबारा लाख हे १२,५०,००० असे दिसतात की १,२५०,००० असे. कित्येक प्रोग्रॅममध्ये प्रदेश म्हणून भारत निवडल्यावर हे आपोआप दुरुस्त होते, पण काही नव्या प्रोग्रॅममध्ये ही निवडच नसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आपला मोसम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो आणि मे-जूनमध्ये संपतो, तर हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणजे एकाच मोसमाच्या पेट्या दोन आर्थिक वर्षांत विभागल्या जातात. त्याच नोंदी एकदा मोसमाप्रमाणे आणि एकदा आर्थिक वर्षाप्रमाणे अशा दोन्ही तऱ्हांनी गटवार मांडता आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी नोंद दोनदा करावी लागता कामा नये. गटवार बेरजेची ती सोपी सोय ‘महिना’ आणि ‘वर्ष’ यांवरच अडते की स्वतः ठरवलेल्या गटावर चालते, हे आधी पाहा. बहुतेक साधे प्रोग्रॅम माझ्या हातात याच ठिकाणी अडले आहेत.

जाता जाता एक सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या कार्यालयात छातीइतके पाणी होते. संगणक गेला आणि वह्याही गेल्या. ज्यांच्या फाईली इंटरनेटवर होत्या त्यांचेच हिशेब वाचले.

दीपस्तंभ (रत्नागिरी)

मी सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे थोडा पलीकडच्या बाजूने लिहितो.

प्रत्येक स्प्रेडशीट जन्माला येताना साधीच असते. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची व्हिजीकॅल्क १९७९ साली ॲपल टू संगणकासाठी आली तेव्हा तिच्यात २५४ ओळी आणि ६३ कॉलम एवढीच जागा होती, आणि तेवढ्यासाठी लोकांनी संगणक विकत घेतले. १९८३ साली लोटस वन-टू-थ्री आली. तिने २,०४८ ओळी तर दिल्याच, शिवाय आलेख, माहितीची छाननी आणि मॅक्रो एकाच ठिकाणी आणले, आणि व्हिजीकॅल्क मागे पडली. एक्सेल १९८५ साली मॅकिंटॉशवर आणि १९८७ साली विंडोजवर आले, आणि पुढे त्याने लोटसला मागे टाकले. दर वेळी नव्याने आलेल्याने जाणकारांना हवे ते आणखी थोडे देऊन बाजी मारली, आणि तसे करताना साधेपणा थोडा थोडा गमावला.

यावर नेहमी एक उपाय सुचवला जातो : बहुतेक लोक एकूण सोयींपैकी पाचवा हिस्साच वापरतात, तेव्हा तेवढ्याच द्या आणि बाकीच्या काढून टाका. एकेकाळी एक्सेलच्या विकासात काम केलेल्या जोएल स्पोल्स्की यांनी यातली मेख दाखवून दिली आहे. प्रत्येकाचा पाचवा हिस्सा वेगळा असतो. सुरंगीताईंना बेरीज पुरते, खतावणींना मोसम आणि आर्थिक वर्ष दोन्ही हवे, आणि आपल्या पुतण्यांना बहुधा तिसरेच काही हवे असेल. चाळीस फॉर्म्युल्यांमध्ये प्रत्येकाला एखादा कमी पडणार, आणि तो एकच फॉर्म्युला त्याला त्या प्रोग्रॅममधून बाहेर काढायला पुरेसा असतो. मात्र याच स्पोल्स्कींनी असेही सांगितले आहे की लोक प्रत्यक्षात एक्सेल कशासाठी वापरतात ते पाहायला गेल्यावर बहुतेकजण त्यात नुसत्या याद्या करताना आढळले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि आपला प्रश्न अवघड आहे तो त्यामुळेच.

आपल्या फाईलमध्ये जे झाले त्याचे कारण बहुतेक व्हीलूकअप हा फॉर्म्युला असावा. तो कॉलम नावाने शोधत नाही. ‘डावीकडून पाचवा कॉलम’ एवढेच त्याला सांगितलेले असते. मधे एक कॉलम घातला की पूर्वीचा चौथा पाचवा होतो आणि फॉर्म्युला निमूटपणे तिथले आकडे आणून देतो. एक्सेलमध्ये २०१९ पासून आलेला एक्सलूकअप ही चूक करत नाही, कारण त्यात उत्तराचा कॉलम थेट दाखवावा लागतो. तेव्हा आपल्या घरातून चूक झाली असे समजू नका. कॉलम घालणे ही अगदी स्वाभाविक कृती आहे, आणि तिने न मोडणारी फाईल करणे हे फाईल करणाऱ्याचे काम आहे.

ज्या प्रोग्रॅममध्ये कॉलमचा प्रकार आधी ठरवावा लागतो आणि फॉर्म्युल्यात कॉलमचे नाव लिहिले जाते, त्यांत या जातीच्या चुका मुळातच होत नाहीत. म्हणून त्याला खेळणे म्हणणे मला पटत नाही. पण इतिहास दुसऱ्या बाजूचाही आहे. लोटसनेच १९९१ साली नेक्स्ट संगणकासाठी इम्प्रूव्ह नावाचा प्रोग्रॅम काढला होता. त्यात माहिती, फॉर्म्युले आणि मांडणी वेगवेगळी ठेवली होती, सेलच्या पत्त्यांऐवजी नावांनी फॉर्म्युले लिहायचे होते, आणि आज ज्याला आपण पिव्होट टेबल म्हणतो त्याची कल्पना तिथूनच पुढे आली. जाणकारांनी त्याची वाखाणणी केली आणि तरीही तो टिकला नाही. लोकांना मोकळा चौकटींचा कागद हवा होता, जिथे आधी काही न ठरवता लिहायला सुरुवात करता येते.

तपासण्याच्या यादीत मी दोनच गोष्टी वाढवतो. एक म्हणजे प्रोग्रॅमची मर्यादा संपली की तो ओरडतो की गप्प बसतो. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून १५,८४१ कोविड रुग्णांच्या नोंदी काही दिवस निसटल्या होत्या. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते आणि पुढच्या ओळी कोणतीही सूचना न देता गळून पडल्या, हे त्याचे कारण होते. २००७ पासूनच्या फाईलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. आपल्या पेट्यांना त्याच्या एका कोपऱ्यातही भरपूर जागा आहे. तरीही नव्या प्रोग्रॅममध्ये दहा हजार ओळी चिकटवून पाहा आणि चिकटवलेल्या सगळ्या आल्या का ते मोजा. दुसरी गोष्ट म्हणजे बाहेर पडण्याची वाट. सर्व नोंदी एका बटणाने एक्सेलच्या किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराच्या) फाईलमध्ये उतरवून घेता येत नसतील, तर बाकी सगळे कितीही चांगले असले तरी घेऊ नका.

तांडेल (हर्णे)

मी मच्छीमार सोसायटीचे काम पाहतो. दीपस्तंभांचे बरेचसे पटले, पण कॉलमचा प्रकार आधी ठरवण्याबद्दल माझे मत वेगळे आहे.

बोट बंदरात आली की डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. कोणाचा एक वाटा, कोणाचा दीड, नव्या पोराचा अर्धा, आणि कधी ‘जाळे याचे होते म्हणून पाव वाटा जास्त’ असाही प्रकार असतो. हे सर्व ठरलेल्या यादीत बसवायला गेलो तर प्रोग्रॅम नोंदच घेत नाही, आणि कारकून कंटाळून ती कागदाच्या चिठ्ठीवर करतो. मग ती चिठ्ठी हरवते. शिस्त चांगलीच, पण समासात लिहायला जागा हवी. प्रत्येक ओळीला एक मोकळा शेऱ्याचा कॉलम असेल आणि त्यात काहीही लिहिता येत असेल, तर माझा आक्षेप मागे घेतो.

खतावणींना पुराने जे शिकवले त्याच्या बरोबर उलट आम्हाला वादळाने शिकवले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली तालुक्यात खांब आणि टॉवर आडवे झाले आणि कित्येक दिवस वीज नव्हती, नेटवर्क नव्हते. इंटरनेटवर ठेवलेला हिशेब सुरक्षित होता, पण तो आम्हाला दिसत नव्हता. साध्या पावसाळ्यातही धक्क्यावर नेटवर्क येते आणि जाते. तेव्हा प्रोग्रॅम नेटवर्कशिवाय नोंद घेतो का, आणि नेटवर्क आल्यावर ती बिनबोभाट जोडतो का, हे पाहिलेच पाहिजे. त्यासाठी मी एक सोपी परीक्षा घेतो. दोन फोन विमान मोडवर टाकावे, दोन्हींवर एकाच सेलमध्ये वेगवेगळे आकडे लिहावे, आणि मग दोन्ही चालू करावे. काही प्रोग्रॅम नंतरचा आकडा ठेवून आधीचा गुपचूप पुसतात. जो प्रोग्रॅम ‘येथे दोन आकडे आले आहेत, कोणता ठेवू?’ असे विचारतो किंवा निदान जुना आकडा इतिहासात दाखवतो, तोच सोसायटीच्या कामाचा. आमच्याकडे डिझेलवरील कराच्या परताव्याची कागदपत्रे असतात. एक आकडा पुसला गेला तर सभासद माझ्या घरी येतो.

कलमबाग (देवगड)

सर्वांचे मनापासून आभार. इतकी उत्तरे येतील असे वाटले नव्हते. सांगितलेल्या बहुतेक परीक्षा आम्ही दोघांनी गेल्या आठवड्यात घेतल्या, त्यांचा वृत्तान्त देतो.

तारखेचा घोळ होतच नाही, कारण कॉलमचा प्रकार तारीख ठरवला की कॅलेंडरच उघडते. मापाचा कॉलम यादीचा केल्यामुळे ५-६ हे ५-६ च राहिले. खाते क्रमांक मजकूर म्हणून ठेवता येतो, त्यामुळे सोळाही आकडे शाबूत राहिले. लाखांचे स्वल्पविराम मात्र सुरुवातीला चुकीचे होते आणि प्रदेश बदलण्याची सोय शोधायला मला अर्धा तास लागला. दहा हजार ओळी चिकटवल्या तेव्हा प्रोग्रॅम फोनवर रेंगाळला, पण एकही ओळ गळली नाही. विमान मोडच्या परीक्षेत तो काठावर पास झाला : विचारत नाही, नंतरचा आकडा ठेवतो, पण इतिहासात आधीचा आकडा, वेळ आणि फोन हे तिन्ही दिसतात. तांडेल, आपल्या सांगण्यावरून शेऱ्याचा कॉलम पहिल्याच दिवशी घातला. त्यात सौ.ने पहिली नोंद ‘खालच्या पेट्यांत दोन फळे डागी’ अशी केली. जुन्या फाईलमध्ये ही गोष्ट कुठे लिहिली असती ते मला सांगता येणार नाही.

मोसम आणि आर्थिक वर्ष यांचा प्रश्न ‘मोसम’ नावाचा वेगळा कॉलम फॉर्म्युल्याने भरून सुटला. खतावणींच्या धाकाने हे सर्वांत आधी पाहिले होते. हा धागा पुतण्यालाही पाठवला आहे.

पडवी (पुणे)

कलमबाग माझे काका. ती फाईल मीच केली आहे, आणि व्हीलूकअपची चूक माझी आहे, काकींची नाही, हे येथे सर्वांसमोर मान्य करतो. एक्सलूकअप आल्यानंतरही मी जुने फॉर्म्युले बदलले नाहीत, कारण चालत होते.

‘खेळणे’ हा शब्द मागे घेतो, पण माझी अडचण नेमकी कोठे आहे ते सांगतो. मोसम चालू असताना मला दर आठवड्याला प्रत्येक दलालाकडून प्रत्येक मापाच्या पेटीमागे सरासरी किती भाव मिळाला हे हवे असते, म्हणजे पुढच्या आठवड्यात कोणाकडे किती माल पाठवायचा हे काकांना सांगता येते. नव्या प्रोग्रॅममध्ये गटवार सरासरी आहे, परंतु ती भावांच्या कॉलमची साधी सरासरी काढते. एका दलालाने एका पट्टीत २०० पेट्या २,००० रुपयांनी विकल्या आणि दुसऱ्या पट्टीत २० पेट्या ३,५०० रुपयांनी विकल्या, तर साधी सरासरी २,७५० येते. खरा हिशेब मात्र ४,७०,००० भागिले २२०, म्हणजे पेटीमागे सुमारे २,१३६ असा आहे. फरक सहाशे रुपयांहून जास्त, आणि तोही त्या दलालाच्या बाजूने. थोडा माल चढ्या भावाने विकून दाखवणारा दलाल या प्रोग्रॅममध्ये सर्वांत चांगला दिसेल. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये रक्कम भागिले पेट्या असे हिशेबी फील्ड घातले की ते आधी दोन्हींची गटवार बेरीज करते आणि मग भागते, म्हणून उत्तर बरोबर येते. नव्या प्रोग्रॅममध्ये गटाच्या बेरजेवर पुढे फॉर्म्युला लिहिता येत नाही. दिवसभर शोधले, नाहीच.

हे काही फार पुढचे गणित नाही. भारित सरासरी शाळेतच शिकवतात. साधेपणासाठी नेमके काय वगळले जाते, याचा हा नमुना म्हणून लिहिले. फॉर्म्युला कमी असता तर मी चालवून घेतले असते. येथे उत्तर मिळते, ते नीटनेटके दिसते, आणि ते चुकीचे असते.

खतावणी (चिपळूण)

पडवी, आपण दिलेले उदाहरण मी माझ्या गिऱ्हाइकांना दाखवणार आहे. मी स्वतः पट्ट्या तपासताना नेहमी निव्वळ रक्कम भागिले पेट्या असेच करतो, त्यामुळे प्रोग्रॅमच्या सरासरीवर कोणी विसंबेल हे माझ्या यादीत आलेच नाही. ते यायला हवे होते.

एक जोड : भागाकार करताना दलालाने लिहिलेला भाव न घेता कमिशन, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता हातात आलेली रक्कम घ्यावी. भाव चांगला आणि कपात मोठी असेही असते.

दीपस्तंभ (रत्नागिरी)

पडवींच्या मुद्द्यानंतर माझे उत्तर असे आहे की हा प्रोग्रॅम एकट्याने आपल्या दोघांचे समाधान करणार नाही, आणि तरीही आपण तो घ्यावा. काकांना दोन ठिकाणी नोंदी नको आहेत. नोंद एकाच ठिकाणी, नव्या प्रोग्रॅममध्ये, ठेवा. पुतण्यांची एक्सेल फाईल त्या नोंदी फक्त वाचेल. तिच्यात हाताने एकही आकडा लिहायचा नाही. माहिती एकाच दिशेने वाहत असेल तर न जुळण्याचा प्रश्न येत नाही.

त्यासाठी आठवड्यातून एकदा नव्या प्रोग्रॅममधून सीएसव्ही फाईल उतरवायची आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये त्याच नावाने ठेवायची. एक्सेलमधील पॉवर क्वेरी ती फाईल वाचून सर्व तक्ते ताजे करते. ती सीएसव्ही फाईल दोनदा टिचकी मारून थेट एक्सेलमध्ये उघडू नका. गिऱ्हाइकांची मराठी नावे मग पुष्कळदा अगम्य चिन्हे होऊन दिसतात, आणि वर खतावणींनी सांगितलेले तारखांचे आणि खाते क्रमांकांचे सगळे खेळ मागच्या दाराने पुन्हा आत येतात. पॉवर क्वेरीत युटीएफ-८ (मराठी अक्षरे नीट वाचणारी संकेतपद्धत) निवडावे आणि प्रत्येक कॉलमचा प्रकार एकदाच ठरवून ठेवावा. प्रत्येक ओळीला न बदलणारा नोंद क्रमांकही असू द्या, म्हणजे एखादा आकडा खटकला तर पुण्याहून फोनवर ‘काकी, ८१२ नंबरची नोंद पाहता का?’ एवढे विचारणे पुरेल.

एक्सेलच हवे असेही नाही. लिबरऑफिस कॅल्कमध्ये ही फाईल वाचून पिव्होट टेबल करता येते, आणि ते मोफत आहे. परंतु आपल्या फाईलमध्ये बिले छापण्याचे मॅक्रो असतील, तर ते तिथे जसेच्या तसे चालतील असे गृहीत धरू नका. गुगल शीट्समध्ये तर ते मुळीच चालणार नाहीत. तिथे ते वेगळ्या भाषेत नव्याने लिहावे लागतात.

सुरंगी (तारकर्ली)

दर आठवड्याला फाईल उतरवण्याचे काम कोणाच्या माथी आहे ते आधीच ठरवा. आमच्याकडे अशी कामे ‘कोणीतरी करेल’ म्हणून सुरू होतात आणि मे महिन्यात बंद पडतात.

कलमबाग (देवगड)

सुरंगीताई, ते काम माझ्याकडे घेतले आहे, दर रविवारी सकाळी. सौ. नव्या प्रोग्रॅममध्ये नोंद करील, मी फाईल उतरवीन आणि पुतण्या पुण्याहून तक्ते पाहील. त्याने जुनी फाईल नव्याने बांधायला घेतली आहे. मागच्या मोसमातील एका आठवड्याच्या नोंदी घालून पाहिल्या आणि निव्वळ रकमा दलालांच्या पट्ट्यांशी रुपयापर्यंत जुळल्या. त्यातच खतावणींचे म्हणणेही दिसले : ज्या दलालाला आम्ही तीन वर्षे सर्वांत चांगला समजत होतो, तो कपात धरल्यावर दुसऱ्या क्रमांकावर गेला.

एक शेवटचा प्रश्न राहिला आहे. मागच्या अकरा वर्षांच्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये आणाव्यात का? सौ.चे म्हणणे आणाव्यात असे आहे, म्हणजे जुनी गिऱ्हाइके शोधता येतील. पुतण्या नको म्हणतो.

खतावणी (चिपळूण)

नोंदी आणू नका. वही बदलताना आपण जुन्या वहीची पाने नव्या वहीत उतरवत नाही, फक्त बाकी पुढे ओढतो. दलालांची आणि गिऱ्हाइकांची येणे-देणे बाकी ‘मागील बाकी’ म्हणून पहिल्या ओळींत घ्या आणि गिऱ्हाइकांची नावे, पत्ते व फोन यांची यादी तेवढी वेगळ्या पानावर आणा. वहिनींचे काम त्याने होईल. जुनी फाईल आहे तशी बंद करून तिच्या दोन प्रती ठेवा आणि दरवर्षीचा गोषवारा पीडीएफ करून छापून ठेवा. त्यांपैकी एक प्रत देवगडबाहेर, पुतण्यांकडे पुण्याला, असू द्या.